पॉइंट कापले, पण पैसे कोणाचे बुडाले?

(दादर येथे फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रतिस्पर्धी क्लबचं दिवाळं निघालं की वादात तीन मागण्या हमखास ऐकू येतात. पॉइंट कापा, खालच्या डिव्हिजनमध्ये ढकला, जिंकलेल्या ट्रॉफ्या काढून घ्या. मागणी करणारा चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं रास्तही असतं. आपल्या क्लबने अंथरूण पाहून पाय पसरले आणि समोरच्याने उधारीवर चषक नेला, तर राग येणारच. पण या रागाच्या भरात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. पैसे संपणं ही एक. पैसे आहेत, पण लीगने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तोटा केला, ही दुसरी. कागदपत्रं लपवली किंवा हिशोब वाकवले, ही तिसरी.

इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबचं प्रकरण दुसऱ्या खणातलं. तीन वर्षांत १०.५ कोटी पाउंडांपर्यंत तोटा चालत होता, त्यांचा निघाला १२.४५ कोटी. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट गेले, अपिलात त्यांचे ६ झाले. एव्हर्टन तेव्हा दिवाळखोर नव्हता. उलट डर्बी काउंटीला २०२१-२२ च्या हंगामात २१ पॉइंटांचा फटका बसला, त्यातले १२ प्रशासक (बुडत्या क्लबचा कारभार हाती घेणारा अधिकारी) नेमावा लागला म्हणून आणि ९ हिशोबाच्या पद्धतीबद्दल. दोन चुका, दोन शिक्षा. हे गणित समजलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

तिन्ही प्रकारांचा काला पाहायचा तर ग्लासगोला जावं लागतं.

मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी डेव्हिड मरे यांच्याकडून तिथल्या रेंजर्स या क्लबचे सुमारे ८५ टक्के शेअर घेतले, किंमत एक पाउंड. अट अशी की बँकेचं साधारण १.८ कोटी पाउंडांचं कर्ज त्यांनी फेडायचं. कर्ज फिटलं खरं, पण पैसा आला पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं टिकेटस या कंपनीला आगाऊ विकून. घराचं पुढच्या तीन-चार वर्षांचं भाडं आधीच उचलायचं आणि त्यातूनच घराचं कर्ज चुकतं करायचं, तसा हा व्यवहार. मग रोजच्या खर्चाला रोकड येणार कुठून? खेळाडूंच्या पगारातून कापलेला कर, म्हणजे आपल्या भाषेत टीडीएस, आणि व्हॅट सरकारला भरणं थांबलं. नऊ महिन्यांत ही थकबाकी सुमारे ९० लाख पाउंडांवर गेली. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लब प्रशासकांच्या हाती गेला आणि १० पॉइंट कापले गेले. (व्हाइट यांच्यावर पुढे फसवणुकीचा खटला चालला. २०१७ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. वाद घालताना हेही सांगावं.)

इथे रेंजर्सवाले आणि त्यांचे ग्लासगोतले प्रतिस्पर्धी सेल्टिकवाले दोघेही एक गल्लत करतात. रेंजर्स बुडाला तो ट्रस्टमधून खेळाडूंना पैसे दिल्यामुळे, असं सरसकट म्हटलं जातं. त्या ट्रस्टचा खटला वेगळा. २००१ ते २०१० या काळात खेळाडूंना पगाराचा काही भाग ट्रस्टमधून 'कर्ज' म्हणून मिळत होता आणि त्यावर कर भरला जात नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिल्या न्यायाधिकरणाने बहुतांश मुद्द्यांवर क्लबच्या बाजूने निकाल दिला होता. करखात्याची अखेरची सरशी झाली जुलै २०१७ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात. टांगती तलवार म्हणून हा खटला खरेदीदारांना पळवून लावत होता, यात शंका नाही. पण क्लबला प्रत्यक्ष खाली ओढलं ते न भरलेल्या टीडीएसने आणि व्हॅटने.

पुढे काय झालं ते पायरीपायरीने पाहू, कारण शिक्षेचा घोळ इथेच आहे. प्रशासकाने धनकोंपुढे तडजोड ठेवली. अशा तडजोडीला मतदान करणाऱ्या धनकोंची, येणं असलेल्या रकमेच्या हिशेबाने, ७५ टक्के संमती लागते. करखात्याचं येणं एकट्यानेच ठराव पाडता येईल एवढं मोठं होतं, आणि जून २०१२ मध्ये त्यांनी नकार दिला. जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळायची ठरली. स्टेडियम, नाव, बोधचिन्ह अशी मालमत्ता चार्ल्स ग्रीन यांच्या गटाने ५५ लाख पाउंडांना घेतली. मालमत्ता विकत घेता येते, लीगमधली जागा मात्र सभासद क्लबच देतात. ४ जुलैच्या मतदानात स्कॉटिश प्रीमियर लीगच्या दहा क्लबांनी विरोध केला आणि किल्मारनॉक तटस्थ राहिला. टीव्हीचा पैसा बुडण्याची भीती सगळ्यांनाच होती, तरी मत विरोधात गेलं. कारण त्यांच्याच चाहत्यांनी बजावलं होतं की रेंजर्सला थेट आत घेतलंत तर आम्ही सीझन तिकीट घेणार नाही. चाहत्यांच्या दबावाने निकाल फिरल्याची एवढी स्वच्छ उदाहरणं फुटबॉलमध्ये फार नाहीत. १३ जुलैला खालच्या लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी त्यांना सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये बसवलं.

आणि ट्रॉफ्या? फेब्रुवारी २०१३ मध्ये लॉर्ड निम्मो स्मिथ यांच्या आयोगाने सांगितलं की ट्रस्टची पत्रं लीगपासून लपवली, म्हणून अडीच लाख पाउंडांचा दंड. पण खेळाडूंची नोंदणी वैध धरली गेल्यामुळे किताब कायम राहिले. दंड झाला तो लिक्विडेशनमधल्या जुन्या कंपनीला. रिकाम्या गल्ल्यावर दंड! हा निकाल मला तरी आजही लंगडा वाटतो.

आता पॉइंट कधी कापले जातात ते पाहू, कारण वेळ साधून शिक्षा बोथट करता येते. लीड्स युनायटेडने मे २००७ मध्ये, शेवटच्या सामन्याच्या तोंडावर, प्रशासक नेमला. खाली जाणं जवळजवळ ठरलेलंच होतं, तेव्हा त्या हंगामातले १० पॉइंट गेले काय आणि राहिले काय. त्यानंतर नियम बदलला. मार्चअखेरीनंतर कोणी प्रशासक आणला आणि क्लब तसाही खाली जात असेल, तर वजाबाकी पुढच्या हंगामात जाते. लीड्सला मात्र धनकोंशी तडजोड न करता बाहेर पडल्याबद्दल नव्या हंगामात आणखी १५ चा दणका बसलाच. ७६ पॉइंटांवर ते पाचवे आले. ते १५ नसते कापले तर ९१ झाले असते आणि थेट वर गेले असते.

विगनचं प्रकरण याहून बोचरं. मालकी बदलल्यानंतर महिनाही झाला नाही तोच, १ जुलै २०२० ला प्रशासक आला. संघाने मैदानात ५९ पॉइंट कमावले, म्हणजे तेरावं स्थान. १२ वजा झाले, ४७ उरले, स्थान तेविसावं. वाचला तो ४९ पॉइंटांचा बार्न्सली. बार्न्सलीच्या चाहत्याला विचारलंत तर शिक्षा योग्यच होती. त्यात चूकही नाही, कारण ही वजाबाकी मालकाला शिक्षा करण्यासाठी नसतेच मुळी. ज्यांनी उधारी केली नाही त्या क्लबांना टेबलात मिळालेली ती भरपाई असते.

पण ज्यांची बिलं थकली त्यांना एका पॉइंटचा उपयोग नाही, आणि माझा मुद्दा इथे आहे. इंग्लंडमध्ये अलिखित वाटावा असा एक लेखी नियम आहे. लीगमधली जागा नव्या मालकाला हवी असेल, तर खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण चुकवायची. समजा, तारण असलेल्या बँकेचे पैसे गेल्यावर खरेदीदाराकडे १३ कोटी उरले. फुटबॉलची देणी १० कोटी, ती पूर्ण गेली. उरले ३. समोर कर ८ कोटी आणि छोटे पुरवठादार २ कोटी. पूर्वी हे दोघे एकाच रांगेत असत, म्हणजे रुपयाला ३० पैसे. डिसेंबर २०२० पासून व्हॅट आणि पगारातून कापलेला कर पुढच्या रांगेत गेला. आता ते ३ कोटी जवळजवळ सगळे सरकारी तिजोरीत जातील, आणि सामोशाचं, छपाईचं, गवत कापायचं बिल ज्याचं आहे त्याच्या हाती भोपळा. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला तेव्हा थकबाकीच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. त्याच क्लबच्या खेळाडूंची देणी मात्र या नियमाने सुरक्षित. करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं, आणि २०१२ मध्ये ते हरले. म्हणून लीगने आता दुसरी अट घातली आहे. साध्या धनकोंना पाउंडामागे २५ पेन्स लगेच द्या, किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स. नाहीतर आणखी १५ पॉइंट कापले जातील. पॉइंट कापण्याच्या धाकातून पुरवठादाराला खरोखर पैसे मिळतात अशी मला दिसणारी ही एकच जागा आहे.

गिरणगावातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गिरणी बंद पडली की आधी बँक की आधी कामगार, हा झगडा या शहराने दोन पिढ्या पाहिला. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात, लिक्विडेशनच्या वेळी, कामगारांचे २४ महिन्यांचे पैसे तारणवाल्या बँकेच्या बरोबरीने येतात. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्याखाली, सरकारी देणी साधारणपणे आणखी खाली. आता खेळाडू हा कामगार, कर्मचारी की कंत्राटदार, यावर वकील दिवसभर भांडतील. पण मैदानाची निगा राखणारा माणूस स्टार स्ट्रायकरच्या मागे उभा नसतो, एवढं नक्की.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: 'मग पुण्याला काय शिक्षा झाली?' म्हणजे एफसी पुणे सिटी या क्लबला. काहीच नाही, कारण शिक्षा द्यायला क्लबच उरला नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेडही २०१० मध्ये बंद झाला तो दिवाळं न निघता, मालकाने ठरवलं म्हणून. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्या लीगमध्ये तेव्हा खालची डिव्हिजनच नव्हती, ढकलणार कुठे? बरेच खेळाडू पुण्याहून हैदराबादला गेले, बालेवाडीतली महाराष्ट्र डर्बी संपली. हैदराबाद २०२२ मध्ये चॅम्पियन झाला. २०२३-२४ पर्यंत तिथेही पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली, आणि जानेवारीत संघातले बहुतेक नावाजलेले खेळाडू निघून गेल्यावर उरलेला हंगाम पोरांना खेळावा लागला.