सोलापूरचा ‘ल’

(पडद्यावर कोरं पान. एकेक अक्षर उमटत शब्द पूर्ण होतो: सोलापूर.)

निवेदन:

या शब्दातला ‘ल’ बघा. शिरोरेषेतून एक आखूड दांडी खाली उतरली आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या आहेत. आता शब्दाला हात न लावता फक्त फॉन्ट बदलू. ‘ल’ बदलला. उजवीकडे खालपर्यंत उतरलेला उभा दंड, डावीकडे त्याला जोडलेलं वळण. पहिला ‘ल’ मराठी वळणाचा, दुसरा हिंदी वळणाचा. हिंदीत तो बरोबरच आहे. पण सोलापूरच्या दुकानाच्या पाटीवर, इथल्या घरातल्या लग्नपत्रिकेवर मराठी वळणाचाच ‘ल’ हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपं धरली आहेत.

कॉम्प्युटरच्या लेखी मात्र हे दोन ‘ल’ वेगळे नाहीत. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत म्हणजे युनिकोड. त्यात ‘ल’ला एकच क्रमांक आहे, ०९३२. त्याचं कुठलं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि काय हवं ते फॉन्टला सांगायचं काम डिझाइन करणाऱ्याचं. पुष्कळदा दोन्ही ‘ल’ एकाच फॉन्टमध्ये असतात. दुसऱ्या रूपाचा ‘ल’ कुणी मागत नाही, म्हणून तो दिसत नाही.

(दृश्य: नवी पेठ, सकाळ. शटर वर जातात. दुकानांच्या पाट्या, छापून आलेल्या पत्रिकांचे गठ्ठे, टॉवेलच्या काठावर विणलेलं एक नाव.)

या गावात अक्षरांचं काम भरपूर. पत्रिका, पावतीपुस्तकं, चादरीच्या खोक्यांवरची लेबलं, टॉवेलवर विणायची नावं, सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचे फ्लेक्स. हे काम ज्यांनी उभं केलं, त्या डीटीपीवाल्यांची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्यांची पहिली पिढी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर शिकली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा ‘क’ एका जागी, काना दुसरीकडे, रफार तिसरीकडे. जोडाक्षर लागलं की ऑल्ट दाबून आकडा मारायचा. असे कित्येक आकडे या मंडळींना तोंडपाठ होते, आजही आहेत. त्यांच्या हातून गेलेलं अक्षर त्यांनी डोळ्यांनी पारखलेलं असायचं. नव्या फॉन्टवर काम करताना ही पारख सुटू नये.

१९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी या दोन कंपन्यांनी मिळून ओपनटाइप ही फॉन्टची पद्धत जाहीर केली. युनिकोडमधला देवनागरीचा मुख्य विभाग १२८ जागांचा आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये मात्र ६५,५३५ पर्यंत आकार राहू शकतात. या आकारांना ग्लिफ म्हणतात. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, लांब-आखूड वेलांट्या, पर्यायी ‘ल’ आणि ‘श’ हे सगळे ग्लिफ. त्यांना युनिकोडचा स्वतंत्र क्रमांक नसतो. कुठल्या अक्षरांच्या जोडीला कुठला ग्लिफ आणायचा, याचे नियम फॉन्टच्या पोटात लिहिलेले असतात.

(दृश्य: जॅकार्डचा माग. भोकं पाडलेली कार्डं एकापाठोपाठ सरकतात. खाली चादरीवर नक्षी उतरते.)

सोलापूरच्या माणसाला हे मागावर पटकन कळेल. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, ताण्याचे म्हणजे उभे धागे तेच असतात. कुठला धागा उचलायचा ते कार्ड सांगतं, आणि कार्ड बदललं की त्याच धाग्यांतून वेगळी नक्षी निघते. टाइप केलेला मजकूर म्हणजे ताणा, आणि फॉन्टमधले नियम म्हणजे कार्डं.

(दृश्य: चार हुतात्मा चौक. पुतळे. नंतर पडद्यावर चार नावं, एकाखाली एक.)

मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ही नावं या शहरात फलकांवर, निमंत्रणांवर, अभिवादनाच्या फ्लेक्सवर सतत लिहिली जातात. ती चुकीच्या अक्षरात जाऊ नयेत. म्हणून आमचं सांगणं असं, की नवा देवनागरी फॉन्ट हाती आला की आधी ही चार नावं त्यात लिहावीत. देवनागरीतल्या बऱ्याचशा अवघड जागा या नावांतच आहेत.

(पडद्यावर ‘मल्लप्पा धनशेट्टी’ मोठं होतं.)

‘मल्लप्पा’मध्ये ‘ल्ल’ आहे. पूर्ण ‘ल’ पाकळीचा निघाला, तर अर्धा ‘ल’सुद्धा त्याच घराण्यातला हवा. काही फॉन्टमध्ये पूर्ण अक्षर बदलतं आणि अर्धं तसंच राहतं. मग एकाच नावात दोन वळणं दिसतात. ‘धनशेट्टी’मध्ये ‘श’ आहेच, शिवाय ‘ट्ट’. ‘ट’ला उजवीकडे काना नाही, त्यामुळे काना काढून त्याचं अर्धं रूप करता येत नाही. एक तर ‘ट’खाली ‘ट’ बसवायचा, नाहीतर पाय मोडून दाखवायचा. एकावर एक बसवलेलं रूप फॉन्टमध्ये काढलेलं नसेल, तर पाय मोडलेलाच दिसतो. वाचता येतं, चूकही नाही. पण आडनाव ठळक मोठ्या अक्षरात छापायचं असेल, तर बांधलेलं ‘ट्ट’ अधिक शोभतं.

(पडद्यावर ‘कुर्बान’.)

इथे ‘र’ टाइप होतो ‘ब’च्या आधी, आणि दिसतो पुढे जाऊन कान्याच्या डोक्यावर. ही उडी फॉन्टमधला नियम आणि सॉफ्टवेअर मिळून घडवतात. दोघांपैकी एकाला ते जमलं नाही, की पाय मोडका ‘र’ मध्येच उभा राहतो.

‘श्रीकिसन’मधला ‘श्र’ तर ओळखीचा. खरी पारख ‘कि’मध्ये आहे. वेलांटीची कमान ‘क’च्या उभ्या दांडीपर्यंत पोचली पाहिजे. ‘क’ रुंद, ‘र’ अरुंद, ‘स्थ’ आणखी रुंद, म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये पहिल्या वेलांटीच्या अनेक रुंद्या काढलेल्या असतात आणि पुढचं अक्षर बघून योग्य ती आपोआप येते. एकच वेलांटी सगळीकडे वापरणारा फॉन्ट दूरच्या पाटीवर खपून जाईल, पत्रिकेवर डोळ्यांना खुपेल. ‘शिंदे’मध्ये वेलांटीच्या कमानीजवळ अनुस्वारही यायचा असतो. टिंब कमानीत घुसलं का, एवढं बघायचं.

(दृश्य: दोन स्क्रीन शेजारी शेजारी. माउस मेनू उघडतो.)

आता फॉन्टकडून मराठी वळण मागवायचं कसं? पानं जुळवायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेद पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. ते न करता देवनागरी लिहिली तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच बाजूला जाते. दोष फॉन्टला दिला जातो, त्याचा काही संबंध नसताना. चित्रं आणि पाट्या काढायच्या इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ भागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक करा. मग मजकूर निवडून कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा ‘मराठी’ ठेवा. फॉन्ट तयार करणाऱ्याने मराठीचे नियम लिहिले असतील आणि सॉफ्टवेअरने ते पाळले, तर ‘ल’ आणि ‘श’ तिथल्या तिथे बदलतात. ही भाषेची पेटी बहुतेक जण कधी उघडतच नाहीत, म्हणून इथे आम्ही मुद्दाम थांबलो.

भाषा बदलून उपयोग झाला नाही, तर ‘स्टायलिस्टिक सेट’, म्हणजे पर्यायी आकारांचे तयार गट बघा. फॉन्टमध्ये असे वीसपर्यंत सेट असू शकतात. तिथेही नसेल, तर ग्लिफ पॅनेल उघडून आकार हाताने निवडायचा. कोरलड्रॉमध्ये एक्स-६ या २०१२ च्या आवृत्तीपासून ओपनटाइपची सोय आहे. मजकूर निवडला आणि फॉन्टमध्ये पर्याय असले की अक्षराखाली बारीक बाण दिसतो. पैसे न मोजता काम करायचं असेल तर इंकस्केपच्या अक्षरांच्या चौकटीत ‘फीचर्स’चा टॅब आहे, आणि लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट निवडतानाच ‘फीचर्स’चं बटण मिळतं.

एक काम मात्र पर्यायांवर सोडू नका. ‘चादर विणणाऱ्या’ असं लिहून बघा. त्यातला ‘ऱ्या’ मराठीचा खास. तो युनिकोडमध्ये ‘ऱ’, पाय मोडण्याची खूण आणि ‘या’ असा लिहिला जातो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये त्याची सोय नसते, किंवा टाइप करणारा साधा ‘र’ वापरतो आणि तिथे रफार येतो. असा फॉन्ट कितीही देखणा असला तरी मराठी मजकुराला घेऊ नये. वकिलांच्या पाटीवरच्या ‘ॲड.’चंही तसंच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसू शकतो.

(दृश्य: शहराचा पूर्व भाग. तेलुगू पाटी. पुढच्या रस्त्यावर कन्नड, मग उर्दू.)

सोलापुरात एकाच घरच्या पत्रिकेत मराठी आणि तेलुगू शेजारी बसतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू. चारही लिप्यांना हीच यंत्रणा लागते. तेलुगू आणि कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली उतरतं. उर्दूच्या नस्तालिक वळणात तर अक्षर शब्दात कुठे आलं त्यावर आकार बदलतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे खाली झुकत जातो. पर्यायी आकारांशिवाय नस्तालिक उभंच राहू शकत नाही. या चारही लिप्यांचं काम एकाच टेबलावर करणारे लोक या शहरात आहेत, आणि त्यांच्या कौशल्याची नोंद फार कमी घेतली जाते.

(दृश्य: फ्लेक्सचं मशीन. मोठ्या अक्षरात ‘श्री सिद्धेश्वर’ हळूहळू बाहेर येतं.)

छपाईला देण्याआधी दोन गोष्टी. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं, तर देवनागरीत शिरोरेषाच तुटते. जागा भरायची असेल तर अक्षर मोठं करा किंवा रुंद फॉन्ट घ्या. आणि अक्षरांना बाहेरून रंगीत कड द्यायची असेल तर आधी कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून, वेल्ड करा, म्हणजे ते एकमेकांत जोडून घ्या. नाहीतर ‘सिद्धेश्वर’मध्ये जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढतात, तिथे आडव्यातिडव्या रेघा उमटतात.

कर्व्ह केल्यावर निवडलेला ‘ल’ पक्का होतो, पण मजकूर मजकूर राहत नाही. म्हणून टाइप केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. तिच्यासोबत एका ओळीत फॉन्टचं नाव, त्याची आवृत्ती आणि चालू केलेला सेट लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत गड्ड्याच्या फ्लेक्सवर साल बदलायला तीच फाइल उघडावी लागेल, आणि तोवर कॉम्प्युटरवर फॉन्टची नवी आवृत्ती आलेली असू शकते.