नवतपातली दुपार

(दृश्य: सकाळचे साडेसात. नागपूरच्या एका वस्तीतील मैदान. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला सुतळीने टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या.)

साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून ओळखले जातात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, तेव्हा या भागाला ऊन नवे नाही. राज्यातील इतर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तरी विदर्भातील शाळांची घंटा उन्हामुळेच आणखी काही दिवस उशिरा वाजते. उन्हापासून जपण्यासाठी दिलेली ही सुट्टी मुले मात्र उन्हातच घालवतात.

‘तहान लागली की मागेल पाणी,’ असे घरोघरी म्हटले जाते. खेळात रमलेले मूल ते मागत नाही. ज्याची फलंदाजी आता येणार आहे, तो मुलगा घसा कोरडा पडला तरी मैदान सोडणार नाही, कारण परत येईपर्यंत बॅट दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. त्यातच वजनाच्या मानाने मुलांची त्वचा अधिक आणि घाम मोठ्यांपेक्षा कमी असल्याने, हवा शरीरापेक्षा गरम झाली की बाहेरची उष्णता त्यांच्या अंगात लवकर शिरते. म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता, दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून प्रत्येकाला पाणी पाजणे हे कोणा एका मोठ्या माणसाचे ठरलेले काम असावे. सगळ्यांचे लक्ष आहे असे जेथे म्हणतात, तेथे बहुधा कोणाचेच नसते.

(दृश्य: दुपारचे साडेबारा. रिकामे मैदान, पत्र्याची घसरगुंडी.)

या घसरगुंडीवर तळहाताची मागची बाजू टेकवून पाच अंक मोजून पाहावेत. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर चड्डी घातलेल्या मुलाच्या उघड्या मांड्या तेथे भाजतील, हे वेगळे सांगायला नको. बारा ते चार ही वेळ घरातच काढावी. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ बसवून जाऊ नये, काच थोडी खाली केली असली तरीही नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते.

डोक्याला दुपट्टा बांधण्याची इकडची रीत शहाणपणाची आहे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज मात्र समजच आहे, आणि कांदा खिशात आहे म्हणून मूल भर दुपारी बाहेर पाठवले, तर तो नुसता निरुपद्रवी राहत नाही. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक जरूर द्यावे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलेली अर्धी पुडी फार तीव्र होते आणि अपाय करते.

ऊन लागलेले मूल आधी चिडचिडते, डोके दुखते म्हणते, उलटी करते. ते असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा त्याला झटका आला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण धावपळ करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत मुलाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालत राहावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाचे औषध येथे उपयोगी पडत नाही.

(दृश्य: अरुंद गल्ली. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला कूलर, खाली ओली फरशी.)

नागपूरच्या उन्हाळ्यातला एक धोका सावलीतच उभा असतो. कूलरच्या गारव्यासाठी मुले तेथेच खेळतात, पाय अनवाणी आणि ओले असतात, आणि वायरचे आवरण झिजलेले असले तर पत्र्यात वीज उतरते. दरवर्षी कूलर बसवताना वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, तसेच अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि टाकीत पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा.

(दृश्य: कन्हान नदीचे कोरडे पात्र, मध्ये पाण्याची डबकी.)

उन्हाळ्यातली नदी फसवी असते. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत असलेले मूल पुढच्या पावलाला, रेती उपसून झालेल्या पुरुषभर खोल खड्ड्यात जाऊ शकते, आणि बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही; नाकातोंडात पाणी गेल्यावर हाक मारायला श्वासच उरत नाही. सोबतच्या मुलांनी त्याच्यामागे उडी घेऊ नये, दोर, फांदी किंवा दुपट्टा फेकावा आणि मोठ्याने आरडाओरडा करावा, हे त्यांना नदीवर नव्हे, घरीच शिकवून ठेवावे लागते.

(दृश्य: संध्याकाळचे सहा. पुन्हा तेच मैदान.)

जमीन अजून धगधगते आहे, परंतु कडुनिंबाची सावली खेळपट्टी ओलांडून गेली आहे. बाजेवर बसलेल्या आजी खेळ थांबवतात आणि फांदीवरच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरतात. त्यांतली एक गळ्यापर्यंत भरलेलीच आहे. तिच्या मालकाची फलंदाजी नुकतीच आली आहे. आजी त्याला हाक मारतात, आणि तो बॅट काखेत धरूनच पाणी प्यायला येतो.