सुट्टीत बाहेरगावी खायचंय? आधी वेळ विचारा

नमस्कार! सुट्टीत नव्या गावी उतरलो की आपण पहिलं विचारतो, "इथे काय प्रसिद्ध आहे?" त्याला जोडून अजून एक विचारा: "तुम्ही ते कधी खाता?"

सकाळी सातला कढईतून निघणारा पदार्थ दुपारी तीनला मागितलात तर मिळेलही, पण सकाळचा उरलेला. उन्हाळ्यात हा प्रश्न नुसता चवीचा राहत नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पारा 32 च्या वर असेल तर मी एकच तास धरते.

एकदा एका हॉटेलात मी बुफेवर तुटून पडले होते. पदार्थ ढीगभर, सगळे कोमट. पुढचे दोन दिवस खोलीत पडून काढले, आणि ज्या पदार्थासाठी एवढ्या लांब गेले, तो राहूनच गेला. फार वाईट वाटलं.

म्हणून आता मी गावकऱ्यांच्या गर्दीच्या वेळीच जाते. माल खपत असतो, घाण्यावर घाणा निघत असतो. दोघांत एकच प्लेट घ्या, म्हणजे पुढच्या ठिकाणी पोटात जागा राहते.

आणि फोटो नंतर काढा! चवीचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना तो वास घशामागून नाकात चढतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते म्हणूनच. गरम घास घ्या, सावकाश चावा, नाकाने हळूच श्वास सोडा. बघा किती उलगडतं. तिखट झोंबलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

बर्फाचं मात्र सांभाळा, गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. फळ स्वतः सोलून खा. बॅगेत ओआरएस (जुलाब झाले तर पाण्यात मिसळून प्यायची मीठ-साखरेची पूड) असू द्या. नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच.

मागच्या सुट्टीत एका आजींना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी समोरची ताटली बाजूला सरकवली, कढईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं थांब गं, नवा घाणा टाकते."