दांडीला दांडी मारायची नाही

नमस्कार बडोदेकर मंडळी. मी काही डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो, दांडिया बाजारात राहतो, एका कंपनीत अकाउंट्स बघतो, आणि आज बोलायचंय ते माझ्या मुलीच्या पायाबद्दल. दांडिया बाजारातल्या माणसाच्या मुलीच्या पायात दांडी, हा विनोद आमच्या घरात तीन वर्षं चाललाय, तो कसा ते पुढे कळेलच.

चिऊ जन्मली भर जूनमध्ये. सिस्टरने दुपट्यात गुंडाळून आणली, चेहरा दाखवला, सगळे खूश, आणि दुपटं सोडलं तर उजवं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, कुणी ओला टॉवेल पिळून ठेवावा तसं. बायको काही बोललीच नाही. पहिला प्रश्न आला आत्याकडून, "काय गं, ग्रहणात काही चिरलं होतंस का?" आता ही आत्या मनाने फार चांगली आहे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू तिनेच करून आणले, पण त्या एका वाक्याने बायको पुढचे दोन महिने रात्री जागून कॅलेंडर आठवत बसायची. म्हणून स्पष्ट सांगतो, याला क्लबफूट म्हणतात, साधारण हजार बाळांत एखाद्याला असतो, मुलांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, पण विळी, सुरी आणि ग्रहण यांचा त्यात काडीचा संबंध नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं मालिश करा, वर्षाची झाली की मोठं ऑपरेशन करू. नशीब आमचं की मावसभावाने दुसरीकडे दाखवायला लावलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, हळूच बाहेरच्या बाजूला दाबून बघितलं आणि म्हणाले, पॉन्सेटीने होईल, पुढच्या आठवड्यापासून सुरू करू. हे पॉन्सेटी म्हणजे इग्नासिओ पॉन्सेटी, जन्म १९१४ चा, स्पेनच्या मेनोर्का बेटावरचे, नंतर अमेरिकेत आयोवाला डॉक्टर. त्यांनी ही प्लास्टरने पाऊल हळूहळू सरळ करायची पद्धत बसवली १९५० च्या आसपास आणि जगाने ती मनावर घेतली थेट १९९० नंतर, म्हणजे मधली चाळीसेक वर्षं बिचाऱ्या पोरांच्या पायांवर मोठमोठी ऑपरेशनं होत राहिली. २००९ मध्ये ते गेले. त्यांचा वाढदिवस ३ जून, तोच आता जागतिक क्लबफूट दिवस आहे. आमची चिऊ जूनचीच, त्यामुळे बायको म्हणते हिला पॉन्सेटी आजोबांनीच पाठवलं असेल.

तर प्लास्टर. दर आठवड्याला एक, साधारण पाच-सहा लागतात, आम्हाला सहा लागले. पाऊल जोर लावून एकदम सरळ करत नाहीत हं, दर वेळी थोडंसं वळवायचं आणि तिथे धरून ठेवायचं. आधी कापूस, मग प्लास्टर, तेही बोटांपासून थेट मांडीपर्यंत आणि गुडघा काटकोनात वाकवून. मी विचारलं वाकडं तर पाऊल आहे, मांडीपर्यंत कशाला, तर म्हणाले छोटं घातलं तर बाळ लाथा मारून मोज्यासारखं काढून टाकतं. एक जण पाऊल धरतो, दुसरा गुंडाळतो, आणि तेवढ्यात सिस्टरबेन ओरडायच्या, "बेबीने दूध पिवडावो!" कारण दूध पिताना बाळ पाय सैल सोडतं. म्हणून त्या दिवशी भुकेलं बाळ घेऊन जायचं, हे आम्हाला तिसऱ्या वेळी कळलं.

घरी बघायचं काय, तर बोटं. बोटाचं टोक दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. निळसर पडली, सुजली किंवा बोटं प्लास्टरच्या आत गेल्यासारखी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. आमचं चौथं प्लास्टर असंच सरकलं होतं, रात्री अकराला पाच बोटांच्या जागी तीनच दिसायला लागली, मी टॉर्च घेऊन मोजतोय आणि बायको डॉक्टरांना फोन लावतेय. आंघोळ बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि बडोद्याचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे, स्कूटरवर मी, मागे बायको, तिच्या मांडीवर रेनकोटात चिऊ आणि प्लास्टरला साडीच्या दुकानातली पिशवी. आम्ही दोघं चिंब, पाय कोरडा.

शेवटच्या प्लास्टरआधी टाचेमागची शीर कापतात, रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी. "कापतात" ऐकून माझे हातपाय गळाले होते पण ते मिनिटांचं काम, जागा बधिर करून करतात, बहुतेक मुलांना लागतंच. मग तीन आठवड्यांचं प्लास्टर, तेवढ्यात शीर जुळून येते, आता हवी तेवढी लांब. गणपती आले आणि प्लास्टर निघालं, पाऊल सरळ, सुरकुतलेलं, वास मारणारं. मी पेढे वाटले. डॉक्टर पेढा खात म्हणाले, "पेढे जरा लवकर वाटलेत."

कारण खरी ट्रीटमेंट तिथून सुरू होते. दोन बूट, मध्ये खांद्याच्या रुंदीएवढी सळई, तिलाच आम्ही दांडी म्हणतो. वाकडा होता तो पाय बाहेर साठ-सत्तर अंशांवर, चांगला तीस-चाळीसवर. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत, पोर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पहिल्या तीन रात्री चिऊने गल्ली जागी केली, वरच्या मजल्यावरचे काका विचारायला आले. रडली म्हणून काढली की संपलं, पोराला कळतं रडलं की सुटका. चौथ्या रात्री तिला दोन्ही पाय एकदम झाडायची युक्ती सापडली आणि त्यानंतर मार खाल्ला तो आम्ही, दांडी नेमकी माझ्या बरगडीत. शेवटी सायकलच्या हँडलचा फोम आणून गुंडाळला.

आता माझा गुन्हा सांगतो. पुढच्या वर्षीची नवरात्र, चिऊ सव्वा वर्षाची, चालायला लागलेली, पाऊल इतकं छान की कुणाला सांगूनही पटेना. आम्ही दोघं गरब्याला वेडे, नऊ रात्री दीड-दोनला घरी, ती खांद्यावर गाढ झोपलेली, आता उठवून बूट कुठे घालायचे. एक रात्र, मग दुसरी. मग दसरा, मग साल्याचं लग्न वलसाडला, बॅगेत दांडी मावेना. मराठीत दांडी मारणे का म्हणतात ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. दिवाळीच्या आधी बूट घालायला घेतला तर टाच तळाला टेकेचना. बुटाला मागे एक भोक असतं, त्यातून टाच दिसायला हवी, ती दिसेना. पट्टा ओढला तर किंचाळली. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, पाऊल परत वळतं ते बहुतेक दांडी सुटल्यामुळेच. पुन्हा दोन प्लास्टर, म्हणजे दिवाळीचे फटाके वाजताहेत आणि चालायला शिकलेली पोर मांडीपर्यंत प्लास्टर घालून सोफ्यावर.

तेव्हापासून घरात नियम, दांडीला दांडी मारायची नाही. गरबा अकरापर्यंत, किंवा एकाने जायचं एकाने थांबायचं.

एक माहिती राहिली. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासूनचा, त्यात जन्मतः असलेल्या दोषांच्या यादीत क्लबफूट आहे आणि उपचार मोफत होतात. आशाबेनला किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. आमच्या कामवाल्या मावशींच्या नातवाचं तसंच झालं, आणि तो आता माझ्या गाडीमागे धावतो.

चिऊ आता साडेतीनची. परवा बघतो तर तिने बाहुलीच्या दोन्ही पायांना आइस्क्रीमची काडी रबरबँडने बांधलेली, आणि बाहुलीला दटावतेय, "रडायचं नाही, झोप." मी काडी सरळ करायला गेलो तर म्हणाली, बाबा, उजवा पाय जास्त बाहेर.

बरं मंडळी, घड्याळात साडेआठ होत आलेत, नऊला बूट घालायचे असतात आणि आज पाळी माझी आहे. निघतो.