दोन बंद दारं आणि एक सेनेटर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, आजच्या व्हिडिओत लहान मुलांवर आणि तरुण सैनिकांवर झालेल्या अत्याचारांचा विषय आहे. वर्णनं करणार नाही, पण विषय तो आहे. शेजारी मुलं बसली असतील तर हेडफोन लावा.

तर, स्टीव्ह हचिन्स. ऑस्ट्रेलियातला, न्यू साउथ वेल्सचा लेबर पक्षाचा सेनेटर. ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनमधून, म्हणजे ट्रक ड्रायव्हरांच्या संघटनेतून वर आलेला माणूस. 1998 ते 2011 सेनेटमध्ये होता आणि मंत्री कधीच झाला नाही. त्यातला बराच काळ तर विरोधी बाकांवरच गेला. अशा माणसाच्या हातात काय असतं? समिती. आणि समितीत बसून काय काय करता येतं, आणि कुठे हात टेकावे लागतात, हे बघायला मला हचिन्ससारखं दुसरं उदाहरण सापडलं नाही. कारण एकाच काळात तो दोन चौकश्यांमध्ये होता. एक अनाथालयांची, दुसरी लष्कराची.

सेनेट म्हणजे आपली राज्यसभा समजा, फक्त तिथले सेनेटर थेट जनतेच्या मतांवर निवडून येतात. एकूण 76. सरकारला तिथे बहुतेक वेळा बहुमत नसतं, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते. त्या काळात सेनेटमध्ये प्रत्येक विषयाला दोन समित्या असत. एक कायद्याची विधेयकं तपासणारी. दुसरी रेफरन्सेस कमिटी, म्हणजे सभागृहाने एखादा प्रश्न सोपवला की त्याच्या मुळाशी जाणारी. या दुसरीचं अध्यक्षपद सरकारी पक्षाकडे नसे.

आपल्याकडेही स्थायी समित्या आहेत. पण आपल्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, आपल्याला दिसतो तो शेवटी अहवाल. तिथे साक्षी बहुतेक उघड होतात आणि शब्दन् शब्द छापला जातो. ज्याला उघड बोलणं झेपत नाही त्याचं समिती बंद खोलीत ऐकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्षीदाराला संसदेच्या विशेषाधिकाराचं कवच मिळतं. 1987 चा त्यांचा कायदाच आहे. समितीसमोर जे बोललात त्यावरून तुमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालत नाही, आणि साक्ष दिली म्हणून कुणी तुम्हाला छळलं तर तो गुन्हा. आता विचार करा, ज्याला चाळीस वर्षं "तू खोटं बोलतोस" असंच ऐकवलं गेलंय, त्याच्यासाठी या कवचाची किंमत काय असेल.

आता पहिलं दार.

विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात पाच लाखांहून अधिक मुलं अनाथालयांत, होममध्ये नाहीतर परक्या घरी वाढली असा अंदाज आहे. अनाथालय म्हटलं तरी त्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत होते. गरिबी, आजारपण, नवरा सोडून गेला, बाई एकटी पडली, एवढं कारण पुरायचं. संस्था चर्चच्या, धर्मादाय ट्रस्टच्या, राज्य सरकारांच्या. आणि आत काय चाललं होतं? मारहाण, राबवून घेणं, लैंगिक अत्याचार, भावंडांची ताटातूट. कुंपणच शेत खात होतं.

या मुलांच्या आधी दोन गटांचं ऐकून घेतलं गेलं होतं. आईबापांपासून हिरावलेल्या आदिवासी मुलांवर 1997 मध्ये अहवाल आला. मग 2001 मध्ये ब्रिटन आणि माल्टामधून जहाजाने पाठवलेल्या मुलांवर. या दुसऱ्या चौकशीसाठी धडपडला अँड्र्यू मरे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा सेनेटर, ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स नावाच्या लहानशा पक्षाचा. तो स्वतः तसाच पाठवलेला मुलगा. इंग्लंडमध्ये जन्म, चार वर्षांचा असताना थेट ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेला रवानगी. पक्ष छोटा असो, सेनेटमध्ये सरकारला बहुमत नसेल तर चौकशीचा ठराव मंजूर करून घेता येतो.

राहिली ती ऑस्ट्रेलियातच जन्मलेली, बहुतांशी गोरी मुलं. संख्येने सगळ्यात जास्त, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. 2000 साली लिओनी शीडी आणि जोआना पेंग्लेझ या दोघींनी, दोघीही होममध्येच वाढलेल्या, क्लॅन नावाची संघटना काढली आणि खासदारांच्या मागे लागल्या. 2003 मध्ये सेनेटने चौकशी सोपवली. हचिन्स त्या समितीत. समितीकडे सहाशेच्या वर निवेदनं आली, कितीतरी नाव गुप्त ठेवून. 30 ऑगस्ट 2004 ला अहवाल सभागृहात मांडला गेला. नाव, 'फॉरगॉटन ऑस्ट्रेलियन्स', विसरलेले ऑस्ट्रेलियन.

इथे शब्दाबद्दल थोडं. इंग्रजीत या लोकांना सर्व्हायव्हर म्हणतात. आपण सर्रास 'पीडित' म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द अपुरा वाटतो, त्यात माणूस अजून तिथेच पडून आहे असं वाटतं. आपल्याकडे 'तगलेला' हा चांगला शब्द आहे, मी तोच वापरतो.

अहवालात 39 शिफारशी होत्या. माफी मागा, भरपाईचा निधी उभा करा, आणि नोंदी द्या. नोंदी म्हणजे फायली. तुम्हाला वाटेल, फायलींचं एवढं काय? पण यातल्या कित्येकांना स्वतःला होममध्ये का टाकलं तेच माहीत नव्हतं. बहीण होती की नव्हती, माहीत नाही. आयुष्याची पहिली पंधरा वर्षं कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद. म्हणून समितीने एक अट घातली, मला ती फार चलाख वाटते: संस्थांनी फायली उघडल्या नाहीत, सहकार्य केलं नाही, तर रॉयल कमिशन, म्हणजे साक्षीदार आणि कागद सक्तीने मागवू शकणारा स्वतंत्र चौकशी आयोग, नेमा. ही धमकी तेव्हा कागदावरच राहिली. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने 2005 मध्ये उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की ही जबाबदारी राज्यांची आणि चर्चची, आमची नाही.

आता दुसरं दार, बराकीचं. त्याच 2003 मध्ये सेनेटच्या परराष्ट्र, संरक्षण आणि व्यापार समितीकडे लष्करी न्यायव्यवस्थेची चौकशी आली. या समितीचा अध्यक्ष हचिन्स. कारणं काय होती? मारहाण, नव्या पोरांचा छळ, आत्महत्या, आणि मुलगा कसा गेला याचं धड उत्तर न मिळालेले आईबाप. ऑस्ट्रेलियन सैन्यात नवख्यांच्या छळाला एक जुना शब्द आहे, बॅस्टर्डायझेशन. आपल्या रॅगिंगचा थोरला भाऊ म्हणा. शब्द इतका रुळलेला की सरकारी कागदांतही येतो. एखाद्या गोष्टीला सरकारी कागदात नाव मिळालं तरी ती थांबत नाही, हे काय कमी आश्चर्य आहे?

समितीने बघितलं की दशकभर चौकश्यांवर चौकश्या झाल्यात आणि मूळ घडी तीच आहे. तक्रार कुणाकडे करायची? वरिष्ठाकडे. तपास कोण करणार? लष्कराचेच पोलीस. निकाल कोण देणार? लष्करातलाच अधिकारी, ज्याची बढती त्याच साखळीवर अवलंबून. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अहवाल 16 जून 2005 ला आला. 40 शिफारशी. सगळ्यात धाडसी ही, की गंभीर फौजदारी गुन्हे लष्कराकडे ठेवूच नका. बलात्कार, मारहाण, चोरी हे साध्या पोलिसांकडे आणि साध्या कोर्टात जाऊ द्या. लष्करी शिस्तीचा जो भाग उरेल त्यासाठी कायमस्वरूपी, स्वतंत्र न्यायाधीशांचं कोर्ट असू द्या. अहवालात शाळकरी कॅडेटांवरही लिहिलं होतं, आपल्या एनसीसीसारखी मुलं. म्हणजे अनाथालयातलं मूल आणि गणवेशातलं मूल हे दोन्ही विषय एकाच सेनेटरच्या टेबलावर होते.

तारीख लक्षात ठेवा, 16 जून. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 1 जुलै 2005 ला, हॉवर्ड सरकारला सेनेटमध्ये बहुमत मिळालं. पुढच्या वर्षी त्यांनी दोन-दोन समित्या एकत्र केल्या आणि अध्यक्षपदं स्वतःच्या पक्षाकडे घेतली. जुनी पद्धत परत यायला 2009 उजाडलं. हा अहवाल थोडा लांबला असता तर तो असाच आला असता का, मला शंका आहे.

सरकारने काय केलं? गुन्हे साध्या कोर्टाकडे द्यायला नकार. लष्करी कोर्टाला होकार, पण आपल्या पद्धतीने. ते कोर्ट ऑक्टोबर 2007 मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट 2009 मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, एकमताने घटनाबाह्य ठरवलं. कारण, देशाची न्यायिक सत्ता वापरायची असेल तर राज्यघटनेत सांगितल्याप्रमाणेच कोर्ट आणि न्यायाधीश हवेत, हे कोर्ट त्या चौकटीच्या बाहेर उभारलं होतं. दोन वर्षांतच गाशा गुंडाळला, आणि पुन्हा जुनं कोर्ट मार्शल. हचिन्सच्या कामाची ही हरलेली बाजू. मी ती झाकणार नाही.

पहिल्या दाराचं मात्र हळूहळू जमलं. 2009 मध्ये सेनेटच्या समितीने जुन्या शिफारशींचं काय झालं ते पुन्हा विचारलं, आणि 16 नोव्हेंबर 2009 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसद भवनाच्या ग्रेट हॉलमध्ये माफी मागितली. विरोधी पक्षनेते माल्कम टर्नबुल यांनीही. जहाजाने पाठवलेल्या मुलांसाठी ब्रिटनची माफी पुढच्या फेब्रुवारीत आली.

नंतर 2011 मध्ये कॅनबराच्या लष्करी अकादमीत एका तरुण कॅडेट मुलीचं तिच्या नकळत चित्रण झालं आणि स्काइपवरून ते इतरांना दाखवलं गेलं. त्या गदारोळात सरकारने बाहेरच्या वकिलांकडून आढावा घेतला, तर हजाराच्या वर माणसं पुढे आली, काहींच्या तक्रारी 1950 च्या दशकातल्या. पुढच्या वर्षी दोन घोषणा झाल्या. 12 नोव्हेंबर 2012 ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांवर रॉयल कमिशन जाहीर केलं. 26 नोव्हेंबरला संरक्षणमंत्री स्टीफन स्मिथ यांनी लष्करात छळ सोसलेल्यांची संसदेत माफी मागितली आणि त्यांच्या तक्रारी बघायला टास्कफोर्स, म्हणजे खास गट नेमला. मधे फक्त चौदा दिवस. टास्कफोर्सकडून एकेकाला जास्तीत जास्त 50,000 डॉलर मिळू शकत.

कमिशनच्या सहा आयुक्तांपैकी एक होता अँड्र्यू मरे. हो, तोच. सेनेटमध्ये धडपडणारा, आता टेबलाच्या पलीकडे ऐकणारा. कमिशनसाठी खास कायदा बदलला गेला, जेणेकरून एकच आयुक्त बंद खोलीत एका तगलेल्या माणसाशी बसू शकेल, उलटतपासणी नाही, वकिलांची फौज नाही. अशा 8,013 बैठका झाल्या. समितीतल्या बंद खोलीची कल्पनाच इथे मोठी झाली, असं मी मानतो.

आणि जून 2016 मध्ये या कमिशनने सुनावणीला कुणाला बोलावलं? लष्कराला. पर्थजवळ फ्रिमँटलला एचएमएएस लीउविन नावाचा नौदलाचा तळ होता. 1960 पासून 1984 पर्यंत तिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं ज्युनिअर रिक्रूट म्हणून भरती होत. तिथे काय चालतं याची चौकशी 1971 मध्येच एका न्यायाधीशाने केली होती! तरी साक्षीदार जेव्हा बोलायला बसले तेव्हा ते साठीच्या आसपास पोचलेले आजोबा होते. तक्रार केली की चुगलखोर ठरायचं आणि मग आणखी मार, म्हणून गप्प राहिलो, हे त्यांनी सांगितलं. अनाथालयाची फाइल आणि बराकीची फाइल एकाच खोलीत उघडली ती त्या दिवशी.

24 ऑगस्ट 2017 ला हचिन्स वारला. कमिशनचा 17 खंडांचा अंतिम अहवाल त्यानंतर चार महिन्यांनी, 15 डिसेंबरला सादर झाला. आयुक्त म्हणून त्यावर मरेचं नाव आहे.