मानेची चक्कर आणि सुई

ज्यांना चक्कर येते त्यांनी हात वर करा म्हटलं, तर अर्ध्या सभागृहाने केले. आता ज्यांना ही चक्कर ‘सर्व्हायकल’ची, म्हणजे मानेच्या मणक्यांची आहे असं कुणीतरी सांगितलंय, त्यांनीच हात वर ठेवा म्हटलं, तर खाली आले फक्त दोन-तीन. मला हीच धास्ती होती.

मी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचतो, त्यामुळे मी सुईचं गुणगान करीन असं तुम्हाला वाटत असेल. कोटणीसांच्या सोलापुरात ते शोभलंही असतं. पण डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी, नंतर, कोलकात्यात.

असो. आधी चक्करच नीट सांगायला शिकू. आपल्या भाषेत त्यासाठी शब्द आहेत, पण दवाखान्यात आपण सगळे एकच वापरतो. घर फिरतं, ते गरगरणं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती भोवळ. तिथे आधी रक्तदाब मोजायचा. आणि चालताना झोक जातो, डोकं जड, होडीत बसल्यासारखं हेलकावतं, मान आखडलेली, मान वळवली की वाढतं. मानेची चक्कर असलीच तर ती ही तिसरी. मानेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांभोवतीचे सांधे आणि छोटे स्नायू डोकं कुठे वळलंय याची खबर मेंदूला पोचवत असतात. कान आणि डोळेही पोचवतात. मानेची खबर बाकीच्यांशी जुळेना की झोक जातो, असं मानलं जातं. मात्र हे पकडणारी एकही ठाम तपासणी नाही. बाकी सगळं वगळून उरतं ते मानेचं. एक्स-रेवर विसंबू नका. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो.

इथे मी स्वतः आपटलोय. चादरींच्या कडा शिवणाऱ्या एक मावशी आल्या. दिवसभर मान खाली, एक्स-रेत झीज, गळ्यात पट्टा. मला वाटलं, केस हातातली आहे. चार बैठका झाल्या, फरक शून्य. पाचव्या वेळी त्या सहज म्हणाल्या, “डॉक्टर, रात्री कूस बदलली की छत फिरतं बघा. जरा वेळाने थांबतं.” हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. कान-नाक-घसावाल्या मित्राकडे नेलं. त्याने त्यांचं डोकं उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. दोन-चार सेकंद काही नाही, आणि मग बुबुळं थरथरत फिरायला लागली. कानातले खडूच्या जातीचे बारीक कण नको त्या नळीत शिरले होते. डोकं एकेका कोनात धरून त्याने ते जागेवर आणले. दहा मिनिटांचं काम. सुई नाही, गोळी नाही.

मग सुई कुठे लागते? मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या कडेला, दोन जाड स्नायूंच्या मधे खळगा लागतो. चिनी लोक त्याला ‘फेंगची’ म्हणतात, वाऱ्याचं तळं. (वैद्यबुवा हसतायत, त्यांना वात आठवला.) सुई साधारण पाव मिलिमीटर जाड. शिरताना मुंगी चावल्यासारखं, मग आत जड, ठणकल्यासारखं. हा खळगा खेळ नव्हे, खोल आत मज्जारज्जू आणि धमनी आहे. खांद्यावर खोल गेलेली सुई फुप्फुसालाही टोचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

उपयोग होतो का? मानेच्या जुनाट दुखण्यावर इंग्लंडमध्ये ५१७ जणांची चाचणी झाली, २०१५ साली छापली गेली. नेहमीच्या उपचारांसोबत सुया घेतलेल्यांचं दुखणं वर्षानंतरही फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी होतं. पण त्यात खोटी सुई नव्हती. नाटकातल्या खंजिरासारखी एक सुई असते, टोक बोथट, टोचली की मुठीत सरकते. तिच्याशी तुलना केली की खऱ्या सुईचा तोरा बराच उतरतो. आणि हे दुखण्याचं झालं. चक्करेवरच्या चाचण्या बहुतेक चीनमधल्या, छोट्या; त्यांवर मी पैज लावणार नाही. म्हणून मी म्हणतो, आखडलेली मान मोकळी करायला सुई वापरा, जोडीला व्यायाम करा. मानेमुळे झोक जात असेल तर तोही कमी होण्याची शक्यता आहे. पाच-सहा बैठकांत काहीच हललं नाही तर थांबा. चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं किंवा एका कानाने अचानक ऐकू येईना, तर माझ्याकडे नको, थेट मोठ्या रुग्णालयात.

मावशींचं राहिलं. छत फिरायचं थांबलं, पण भीतीने सहा महिने मान ताठ धरलेली, ती काही सुटेना. मग त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी दुखणं खरंच मानेचं होतं. मी त्यांना कुशीवर झोपवलं. त्यांनी विचारलं, “ह्या कुशीवर चालेल ना?”