अक्का, पाणी आलं!

नमस्कार श्रोतेहो. मी सोलापूरची. अशोक चौकाच्या मागं राहते, घरीच फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम करते. पन्नाशी ओलांडलीय. दिवसभर मशीनवर असते, आणि आठवड्यातल्या दोन रात्री पांढरा झगा घालून, हातात काठी घेऊन एका पेटलेल्या डोंगराच्या पोटात शिरते. सोबत एकोणचाळीस माणसं असतात. मी धरून चाळीस. हा चाळीस आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

घाबरू नका, हा काँप्युटरवरचा खेळ आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट त्याचं नाव. 2004 च्या नोव्हेंबरात निघाला. पुढं त्यात इतके बदल झाले की जुनी माणसं हळहळायला लागली, म्हणून 2019 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जुन्या रूपातला खेळ पुन्हा सुरू केला. त्याला क्लासिक म्हणतात. त्याच सुमाराला आमचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला. सोलापूरची सगळी हुशार पोरं उठून पुण्यालाच का जातात, हे मला अजून कळलेलं नाही. असो. जाताना त्यानं काँप्युटर माझ्या शिलाईच्या खोलीत ठेवला आणि म्हणाला, "आई, फोनवर तू फक्त जेवलास का विचारतेस. त्यापेक्षा रात्री खेळात ये, तिथं भेटू." मी गेले. तीन महिन्यांत त्याला कंटाळा आला, तो सोडून गेला. मी राहिले.

मी राहिले ती गिल्डमुळं. गिल्ड म्हणजे काय, हे भजनी मंडळात किंवा गणपती मंडळात असलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. एक अध्यक्ष, चार पदाधिकारी, दहा कामाची माणसं, आणि बाकीचे आरतीला येणारे. आमच्या गिल्डचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. माणसं युरोपातली. चालवणारी बाई डेन्मार्कची, पेशानं नर्स, आवाज अगदी मुख्याध्यापिकेचा. पुढं उभा राहून मार खाणारा पोलंडचा, तो वेल्डर आहे. एक रोमानियाचा कॉलेजातला पोरगा, सारखा काहीतरी खात असतो, माईकमधून कुरकुर ऐकू येते. ह्या सगळ्यांनी मला विचारलं, तुला काय म्हणायचं? म्हटलं, गल्लीत सगळे अक्का म्हणतात. झालं. सहा महिने त्यांना वाटत होतं, अक्का ही भारतातली काहीतरी पदवी आहे. मीही सांगितलं नाही.

आता वेळेचं ऐका. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासानं पुढं सरकतात, मग साडेअकरा. म्हणजे थंडीत साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी मी दरवर्षी चुकते.

कामं तीन असतात. एक टँक, म्हणजे पुढं उभा राहून राक्षसाचा मार अंगावर घेणारा. दुसरे मारणारे, ते सगळ्यात जास्त आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. तिसरे हीलर, जखमा बऱ्या करणारे. मी हीलर. चाळीस जणांच्या चाळीस छोट्या पट्ट्या पडद्यावर दिसतात, कुणाची पट्टी उतरली की ती भरायची. मला इंग्रजी मंत्रांची नावं लक्षात राहीनात, म्हणून मी कीबोर्डवर टिकल्या चिकटवल्या. हिरवी टिकली, हळूहळू भरणारं औषध. लाल टिकली, तातडीचं. मोठी मरून टिकली, मोठा डोस, पण वेळ लागतो. चंदेरी चंद्रकोर, कवच. आमच्या घरचे म्हणतात, कीबोर्डला हळदीकुंकवाला बोलवून आणलंय.

आणि राक्षस मेला की त्याच्याकडून दोन-तीन वस्तू मिळतात. वस्तू दोन, डोळे चाळीस! इथं भल्या भल्या गिल्ड फुटतात. म्हणून गुणांची पद्धत असते. हजेरी लावली की गुण, राक्षस पाडला की गुण, आणि साठलेले गुण खर्चून वस्तू घ्यायची. एव्हरक्वेस्ट नावाचा 1999 चा एक खेळ आहे, त्याच्यातली ही रीत. मला समजायला दोन मिनिटं लागली, कारण मी एकोणीस वर्षं भिशी चालवलीय. फरक एवढाच, भिशीत चिठ्ठी निघते आणि इथं घाम मोजतात. आमच्या भिशीत एकीनं पहिला नंबर घेतला आणि नंतर हप्ते भरताना तिला दर महिन्याला पाहुणे यायला लागले. तसल्या बायका युरोपातही आहेत, एवढं सांगते. खेळाच्या ह्या जुन्या रूपात गिल्डची सामाईक तिजोरी नसते. मग काय करायचं, तर भरवशाच्या माणसानं खेळात एक जादा पात्र, म्हणजे दुसरा माणूस, काढून शहरात उभं करायचं आणि सगळ्यांचं सामान त्याच्याकडं ठेवायचं. ते पात्र माझं. भिशीवाल्या बाईकडंच तिजोरी जाणार, दुसरं काय?

आता मुख्य गोष्ट. ही मी प्रत्येकाला सांगते, त्यामुळं कुणी आधी ऐकली असेल तर माफ करा.

त्या पेटलेल्या डोंगराच्या पोटातल्या जागेचं नाव मोल्टन कोअर. आत दहा मोठे राक्षस. शेवटचा रॅग्नरॉस, कमरेपर्यंत लाव्हात बुडालेला, हातात घण. पण तो सहजासहजी वर येत नाही. आधीच्या राक्षसांपैकी सात जणांच्या जागी जमिनीवर सात पेटत्या खुणा असतात. त्या सातही विझवाव्या लागतात. कशानं? पाण्यानं! आणि साधं पाणी चालत नाही. दूर समुद्रात एका बेटावर पाण्याचा एक सरदार राहतो, त्याची आधी पुष्कळ सेवा करायची, मग तो पाणी देतो. एका माणसाला एका वेळी एकच भांडं. एक भांडं, एक खूण. म्हणजे सात खुणांना सात माणसांनी जाऊन सात भांडी आणायची, आणि डोंगर दर आठवड्याला पुन्हा पेटतो, म्हणून दर आठवड्याला आणायची.

पहिल्या बैठकीत नर्सबाईंनी विचारलं, पाण्याची जबाबदारी कोण घेणार? सगळे गप्प. मी म्हटलं, द्या इकडं. अहो, सोलापूरच्या बाईला पाण्याचं काय सांगता! मी वहीत तक्ता केला. सात नावं, सात रकाने. दर मंगळवारी एकेकाला निरोप, पाणी भरलंस का? नाही भरलं तर पुन्हा निरोप. पोलंडचा वेल्डर म्हणायचा, माझी आईसुद्धा मला इतकं बोलत नाही.

तर 2020 चा जानेवारी. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची, चालू होती. अक्षता सोहळा होऊन गेलेला, होम मैदानावर पाळणे फिरत होते. दुसऱ्या गिल्डनी खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रॅग्नरॉस पाडला होता, आणि आम्ही साडेचार महिने त्याच्या दारात. त्या रात्री सगळं जमून आलं होतं. चाळीस माणसं हजर. सात भांडी भरलेली. खुणा विझल्या. रॅग्नरॉस वर आला. घड्याळात पहाटेचे अडीच.

वेल्डर पुढं उभा. त्याला जिवंत ठेवायला आम्ही तिघं हीलर, पाळीपाळीनं. आपल्याकडं जत्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलताना बघितलंय ना? सातही काठ्यांचं तसंच, काठी पेलणारा एकटा दिसतो, पण आजूबाजूला बदली घेणारे डोळे लावून उभे असतात. तसं आमचं चाललेलं. टँक जवळून हलला किंवा पडला, तर रॅग्नरॉस सगळ्यांवर आगीचे गोळे फेकतो, म्हणून टँक पडता कामा नये. पुन्हा सांगते, टँक पडता कामा नये.

तीन मिनिटं झाली. रॅग्नरॉस बुडी मारतो आणि त्याची आठ पोरं बाहेर येतात, ज्वाळांची. ती आवरली. तो पुन्हा वर आला. दहा टक्के राहिला. आठ टक्के. आणि माझ्या खिडकीवर थाप पडली.

शेजारच्या वहिनी. "अक्का! नीळ्ळु!"

आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलतात, आणि नीळ्ळु म्हणजे पाणी एवढं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पाच दिवसांनी पाणी आलं होतं. पहाटे अडीच वाजता! ज्या श्रोत्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांनी दोन मिनिटं रेडिओ बंद ठेवा, तुम्हाला हे कळायचं नाही. पाणी किती वेळ राहील ते माहीत नाही. मागच्या खेपेला पाऊण तासात गेलं होतं. हौद कोरडा, पिंपात तळाला दोन तांबे. घरचे जत्रेतून दमून येऊन गाढ झोपलेले.

मी माईकवर म्हणाले, "वॉटर हॅज कम!"

नर्सबाई म्हणाल्या, "होय अक्का, पाणी झालं, खुणा विझल्या. टँककडं लक्ष दे."

मी म्हटलं, "नो, नो. आय ॲम गोइंग टू टँक!"

आता मला म्हणायचं होतं, मी टाकीकडं चालले. पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ झाला, मी पुढं जाऊन मार खाते! झग्यातली हीलर, अंगावर लोखंडाचा तुकडा नाही, रॅग्नरॉससमोर! एकदम एकोणचाळीस माणसं ओरडायला लागली. "अक्का, नो! अक्का, स्टे!" रोमानियाच्या पोराच्या तोंडातलं काहीतरी सांडलं. मी हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि पळाले.

आणि माईक चालूच राहिला.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. बाकीच्या दोघा हीलरना वाटलं, अक्का आहे. अक्का कुठं होती? अक्का मोटर लावत होती, पहिलं गढूळ पाणी गटारीत सोडत होती, पाईप पिंपात घालत होती. टँक पडला. गोळे सुरू झाले. चार टक्क्यांवर सगळे मेले, चाळीसच्या चाळीस. त्याला वाइप म्हणतात, पाटी पुसल्यासारखं.

आणि मेल्यावर भुतं होऊन डोंगरापर्यंत पळत येताना त्या चाळिसांनी, म्हणजे मी सोडून एकोणचाळिसांनी, माझं घर ऐकलं. मोटरची घरघर. घागरींचा खणखणाट. वहिनींशी मी पाइपावरून भांडले ते. घरच्यांचा झोपेतला आवाज, "टाकी भरली का?" आणि माझं उत्तर, जे रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

पंचवीस मिनिटांनी परत आले. साडी गुडघ्यापर्यंत ओली, पदर खोचलेला. हेडफोन कानाला लावला, पलीकडं चिडीचूप. मला वाटलं, आता काढणार मला. गिल्डमधून अशा कारणानं काढतात, आणि मला विचाराल तर काढायलाच पाहिजे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे बायका रोज सकाळी फुलं पाठवतात आणि हॉलच्या खुर्च्या उचलायच्या दिवशी चौघी येतात. त्यांना कोण काढत नाही म्हणूनच तसं चालतं.

नर्सबाईंनी विचारलं, "अक्का, कसला आवाज होता तो?"

मी सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत. हौद, मोटर, पाच दिवस. पाच दिवस म्हटल्यावर वेल्डरनं पुन्हा विचारलं, "पाच तास?" मी म्हटलं, "डेज. फाईव्ह डेज." कुणी काही बोललं नाही. मग त्यानंच विचारलं, "मग भरली का टँक?"

मी म्हटलं, "काठोकाठ."

तो हसायला लागला, मग सगळेच. इतके हसले की नर्सबाईंना दोनदा शांत व्हा म्हणावं लागलं. पुन्हा उभे राहिलो. आणि श्रोतेहो, पहाटे चारला दहा मिनिटं कमी असताना रॅग्नरॉस पडला. त्याच्याकडून एक विजार निघाली. माझे गुण मधल्या गोंधळात कापलेले, तरी मी बोली लावली आणि हरले. रोमानियाच्या पोरानं नेली. त्या विजारीचं मला अजून वाईट वाटतं. पोराला ती कमरेत नुसती सैल दिसायची.

तेव्हापासून गिल्डच्या वेळापत्रकात एक निळा थेंब असतो. पाण्याच्या दिवसाचा माझा अंदाज मी कळवते, त्या रात्री माझ्या जागी चौथा हीलर तयार ठेवतात. आणि डोंगरातली सातवी खूण विझली की तो वेल्डर त्याच्या पोलिश जिभेनं माईकवर ओरडतो, "अक्का, पाणी आलं!" ळ त्याला येत नाही, पण ह्या वाक्यात ळ नाही, त्यामुळं अगदी स्वच्छ म्हणतो.

मागच्या दिवाळीत मी त्याला शेंगाचटणी पाठवली. उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये फिरवून तिचा चिखल करतात आणि वर सोलापुरी असं लेबल लावतात, तसली नव्हे. कुटताना शेंगांना तेल सुटलं पाहिजे. त्यानं ती पावाला लावून खाल्ली आणि माईकवर पाच मिनिटं पाणी पीत होता. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "अक्का, हील."

बरं, मला निघायला हवं. ह्या रेकॉर्डिंगला दुपारची वेळ मुद्दाम मागून घेतली होती. आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, आणि घरच्यांवर मोटर सोपवून आलेय. नमस्कार.